करजगावचे ख्रिस्तभक्त : रेव्हरंड नारायण वामन टिळक

आज नाताळचा सण. यहूदिया प्रांतातील बेथलेहेम या लहानशा गावी गुरांच्या गव्हाणीत निजविलेल्या एका बालकाचे स्मरण आज जगभर होत आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत. तथापि महाराष्ट्रातील ख्रिस्तमंदिरे ज्या मराठी भजनांनी दुमदुमतात, त्यांतील कितीतरी भजने याच जिल्ह्याच्या मातीत जन्मलेल्या एका चित्तपावन ब्राह्मणाने रचलेली आहेत, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी अनेकांस कदाचित ठाऊक नसेल. आजच्या मंगल दिवशी त्या पुण्यपुरुषाचे चरित्र थोडक्यात सांगावे, अशी आमची इच्छा आहे.

रत्नागिरी आणि टिळक हे शब्द एकत्र आले की लोकमान्यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते आणि ते योग्यच आहे. लोकमान्यांचा जन्म 1856 साली रत्नागिरी शहरी झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, 6 डिसेंबर 1861 रोजी, याच जिल्ह्यातील करजगावी नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. एका टिळकांनी स्वराज्याचा ध्यास घेतला; दुसऱ्या टिळकांनी देवाच्या राज्याचा. पहिल्यांस देशाने डोक्यावर घेतले. दुसऱ्यांस स्वतःच्या घराचा उंबरठाही काही काळ पारखा झाला. असे का घडले, आणि एवढी किंमत देऊन त्यांनी काय मिळविले, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

जिज्ञासूची भटकंती

नारायणरावांचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव करडा. आई जानकीबाई मात्र कोमल अंतःकरणाची व भाविक. काव्याची गोडी आणि देवाची ओढ ही दोन्ही लेणी नारायणरावांना आईकडून मिळाली; पण त्या माउलीचे छत्र बालपणीच हरपले. पुढे नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्या सान्निध्यात त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. वक्तृत्व, कविता, कीर्तन यांत त्यांची बुद्धी तेजाने चमकू लागली. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनूताईंशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे मराठी वाचकांना प्रिय झालेल्या लक्ष्मीबाई टिळक होत.

संसार मांडला, परंतु नारायणरावांचे पाऊल एका जागी ठरेना. आज या गावी शिक्षक, तर उद्या त्या गावी कीर्तनकार! नागपूर मुक्कामी धनिक विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले व 'ऋषि' नावाचे धर्मविषयक मासिक चालविले. या भ्रमंतीला केवळ लहरी स्वभाव कारण नव्हता. जातिभेदाने शतखंड झालेला आपला समाज एक कशाने होईल, आणि मनुष्याच्या पापाचे ओझे नेमके उतरते कसे, हे दोन प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. देव सर्वांचा पिता आहे व माणसे परस्परांची भावंडे आहेत, या पायावर आपणच एक नवा धर्म स्थापावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. शास्त्रांचे ज्ञान झाले, पण मनाला शांती लाभली नाही.

आगगाडीतील भेट

अशा मनःस्थितीत ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांचा संवाद जुळला. काव्य, धर्म, तत्त्वज्ञान अशा अनेक विषयांवर बोलणे झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. नारायणरावांना ते बोलणे हास्यास्पद वाटले. तरीही पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते आणि ते वचन त्यांनी पाळले.

वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच खिळून राहिले. शत्रूवर प्रेम करण्याचा तो उपदेश, देवाला पिता म्हणून हाक मारण्याची ती मुभा! ज्या प्रश्नांनी त्यांना वर्षानुवर्षे छळले होते, त्यांची उत्तरे या साध्या वाक्यांत त्यांना दिसू लागली. आपल्या मनात ज्या धर्माचा आराखडा होता तो येथे आधीच सिद्ध आहे, एवढेच नव्हे तर त्या आराखड्यात नसलेली एक गोष्ट येथे आहे, हे त्यांना उमगले. ती गोष्ट म्हणजे तारणारा स्वतः.

विश्वासाने तारण

येथे क्षणभर थांबून या सिद्धांताचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. मनुष्याचे तारण त्याच्या पुण्यकर्मांच्या बेरजेवर अवलंबून नाही, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे. पापाचे ऋण इतके मोठे आहे की मनुष्य ते फेडू शकत नाही. ते ऋण ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतः सोसले. मनुष्याने ही कृपा विश्वासाने स्वीकारावयाची आहे. संत पौलाने रोम व गलतिया येथील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांतून हा विचार मांडला. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथरने त्यालाच आपल्या शिकवणुकीचा पाया केले आणि त्यावरून ख्रिस्ती जगात मोठा दुभंग झाला. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे रोमन कॅथलिक व ल्यूथरन मंडळ्यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या व या विषयाच्या मूलतत्त्वांवर आपले एकमत असल्याचे जाहीर केले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. नुसता विश्वास ठेवून पापे धुतली जात असतील, तर सदाचाराची गरज काय? हा आक्षेप गैर नाही. त्याचे उत्तर आमच्या कोकणच्या बागायतदारास सहज समजेल. रायवळ आंब्याच्या रोपाला कितीही खतपाणी घातले तरी त्यास हापूस लागत नाही. त्यावर हापूसचे कलम बांधावे लागते, आणि ती काडी बाहेरूनच यावी लागते. रोपाचे काम ती स्वीकारण्याचे. मात्र कलम खरोखर जगले असेल, तर कालांतराने फळ धरलेच पाहिजे. फळामुळे कलम जगत नाही. कलम जगले याची खूण म्हणजे फळ. विश्वास आणि सत्कर्म यांचे नाते असे आहे. म्हणूनच नव्या करारात याकोबाने कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव ठरविला आहे.

टिळकांना ही शिकवण परकी वाटली नाही. कर्मकांडाचा भार टाकून देवाच्या पायी शरण जाणे, आपली योग्यता नसताना त्याने उचलून घ्यावे म्हणून आळवणे, हे त्यांनी वारकरी संतांच्या वाणीत बालपणापासून ऐकले होते. तुकोबांच्या अभंगांचा सेतू ओलांडूनच आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोचलो, असे ते पुढे आवर्जून सांगत. त्यांच्या लेखी विश्वास म्हणजे एखाद्या मतपत्रिकेला दिलेली संमती नव्हती. लेकराने आईच्या कडेवर निर्धास्त असावे, तसा तो भरवसा होता. म्हणूनच त्यांनी आपल्या अभंगांत ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली.

फुकट मिळालेल्या कृपेची किंमत

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कृपा फुकट मिळते असे शास्त्र सांगते. पण तिचा उघड स्वीकार करणे फुकट नसते, हे त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्ययास आले. आप्तेष्टांना हा वज्राघात वाटला. लक्ष्मीबाईंची अवस्था तर वर्णनापलीकडची झाली. पती हयात असून अंतरला. पदरी लहानगा दत्तू. सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नींचा वियोग झाला. त्यातील काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपूरच्या विठोबाच्या छायेत काढला. त्या स्वतः निर्दोष होत्या. तरी पतीच्या विश्वासाची शिक्षा त्यांनाच अधिक भोगावी लागली, हे चरित्रकाराने झाकून ठेवू नये, असे आम्हांस वाटते.

अखेरीस त्या पतीकडे परतल्या. परंतु आपला धर्म व आपले सोवळे घेऊन. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी तिच्यावर बळजबरी केली नाही. विश्वास जर देणगी असेल, तर ती कोणावर लादता येत नाही, हे तत्त्व त्यांनी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पाळले. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या बुद्धीने विचार केला. माणसामाणसांतील उच्चनीच भाव देवाने निर्मिलेला नाही, तो माणसांचा आहे, असा निश्चय एके दिवशी त्यांच्या मनाने केला आणि त्यांनी सोवळे सोडले. 1900 साली त्यांनी आपखुशीने बाप्तिस्मा घेतला. ही सारी कहाणी त्यांनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात कोणताही अभिनिवेश न ठेवता सांगितली आहे. त्या ग्रंथाचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला.

फळे धरलेला वृक्ष

टिळकांचे पुढील आयुष्य मुख्यतः अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व त्या परिसरात गेले. अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने ते अध्यापन करीत; यथाकाल त्यांना पाळकपदाची दीक्षाही मिळाली. दुष्काळ आणि प्लेग यांनी गावे ओस पडत होती, त्या दिवसांत या दांपत्याने अनाथ मुलांना आपल्या घरी थारा दिला. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे; मागणारा आला की असेल ते देऊन टाकणे हा त्यांचा नित्याचा परिपाठ आणि लक्ष्मीबाईंची नित्याची चिंता होती.

सरस्वतीचीही त्यांनी सेवा केली. फुलांवर व मुलांवर त्यांनी कोवळ्या कविता लिहिल्या. 'वनवासी फूल', 'सुशीला' ही काव्ये रचली. तरुण त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, त्यांच्या घरी पुत्रवत वाढले. 1842 साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाची धुरा त्यांनी अखेरच्या काही वर्षांत वाहिली. परंतु त्यांचे सर्वांत मोठे ऋण म्हणजे त्यांची भजने. पूर्वी इंग्रजी चालींवर शब्द बसवून गाणाऱ्या मराठी मंडळीला त्यांनी ओवी, अभंग, टाळ व मृदंग दिले. ख्रिस्ताचे चरित्र 'ख्रिस्तायन' या महाकाव्यात गाण्याचा संकल्प त्यांनी सोडला होता. तो अपुरा राहिला. पण लक्ष्मीबाईंनी पुढे तो पुरा केला आणि 1938 साली, त्यांच्याही निधनानंतर, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या विश्वासाने एकदा दोघांची ताटातूट केली होती, त्यानेच दोघांना एका ग्रंथात कायमचे एकत्र आणले.

देवाचा दरबार

आयुष्याच्या उत्तरकाळी टिळकांच्या मनात एक नवी तळमळ उत्पन्न झाली. ख्रिस्ती होणे म्हणजे परक्याचे होणे, ही समजूत त्यांना डाचत होती. 1917 साली त्यांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली आणि साताऱ्यास बिऱ्हाड हलविले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' उभारण्याचे योजिले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांना त्यात समान स्थान होते. मंडळीतील काहींना हे धाडस रुचले नाही. परंतु ज्याने कृपेला अट नाही असे मानले, त्याने दरबाराच्या दाराशी अट कशी घालावी? त्यांच्या दृष्टीने ही भूमिका त्यांच्या विश्वासाचीच परिणती होती. स्वतः बाप्तिस्म्यासाठी सर्वस्व पणाला लावलेल्या माणसाने हे म्हणावे, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

हा दरबार पुरता भरण्यापूर्वीच बोलावणे आले. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, टिळकांचा निर्णय प्रत्येकास पटावा, असा आमचा आग्रह नाही. त्यांच्या हयातीत तो त्यांच्या जिवलगांनाही पटला नव्हता. परंतु आपण देवाला काही देऊन विकत घेऊ शकत नाही, त्याचे देणे ओंजळ पसरूनच घ्यावे लागते, ही जाणीव ज्याला झाली तो माणूस नम्र होतो, आणि नम्र झालेला माणूस दुसऱ्यासाठी घर उघडे ठेवतो. करजगावच्या या सुपुत्राच्या चरित्राचे सार आम्हांस एवढेच दिसते. बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा नव्हती, म्हणून देवाच्या पुत्राला गव्हाणीत निजावे लागले, अशी कथा आहे. आज रात्री आपल्या दाराशी कोणी येईल, तेव्हा तरी आपल्या घरी जागा असावी.

आमच्या सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींस व समस्त वाचकांस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!