रुग्णशय्येवरचा चित्रकार

पिंपरी-चिंचवडहून पुण्याकडे निघाले, की दापोडीनंतर मुळा नदीवरील हॅरिस पूल लागतो. तो ओलांडून थोडे पुढे गेले, की खडकीची लष्करी छावणी येते. या खडकीत १९७४ साली एक पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे हातपाय लुळे पडले, असे जवान तेथे राहतात. चाकांच्या खुर्चीवर बसून ते खेळतात, कामे करतात. आणि ज्यांचे हातही चालत नाहीत, अशांपैकी काहींनी तोंडात कुंचला धरून चित्रे रंगविली आहेत. औषध आणि मलमपट्टी यांचा उपयोग सर्वांना ठाऊक आहे. पण जखमी सैनिकाला रंगांचा काय उपयोग, असा प्रश्न कोणालाही पडेल. या प्रश्नाचे उत्तर एका इंग्रज चित्रकाराला स्वतःच्या आजारपणात सापडले. त्याचे नाव एड्रियन हिल.

हिल यांचा जन्म लंडनजवळील चार्लटन येथे १८९५ साली झाला. चित्रकलेचे शिक्षण चालू असतानाच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि एकोणीस वर्षांचा हा तरुण सैन्यात दाखल झाला. त्याच्या हातातील कला वरिष्ठांनी हेरली. दोन्ही सैन्यांच्या खंदकांमध्ये जी ओसाड भूमी असते, तिच्यात शिरून शत्रूच्या ठाण्यांची रेखाटने करून आणावयाची, असे जोखमीचे काम त्याच्याकडे आले. गळ्यात चित्राचे साहित्य अडकवून हिल रांगत रांगत पुढे सरकत. एकदा असेच एका उद्ध्वस्त वनराईजवळ गेले असता, तोफांनी छिन्नभिन्न झालेल्या एका झाडात शत्रूने टेहळणीची जागा मोठ्या चातुर्याने दडविल्याचे त्यांना दिसले. आपल्या खंदकातून ती मुळीच दिसत नव्हती. पुढे १९१७ साली लंडनच्या युद्धसंग्रहालयाने त्यांना रणभूमीची चित्रे काढण्याचे काम दिले. पडकी गावे, चिखलाने भरलेले रस्ते आणि दमलेले शिपाई यांची सुमारे १८० चित्रे त्यांनी काढली.

त्या युद्धाने आणखी एक गोष्ट जगापुढे आणली. अंगावर ओरखडाही नसलेले शेकडो सैनिक थरथर कापत, त्यांना झोप येत नसे, कित्येकांची वाचाच बसे. १९१५ च्या सुमारास डॉक्टर या विकाराला शेल शॉक म्हणू लागले. काही अधिकारी मात्र त्याला सरळ भित्रेपणा म्हणत, आणि हा अन्याय फार काळ चालला. आपल्याकडेही परतलेल्या अपंग सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी यांच्या नावाची शाळा निघाली व पुढे ती खडकीस आली. तेथे हस्तव्यवसाय शिकवून त्यांच्या पोटापाण्याची सोय होऊ लागली. मनाच्या जखमेचा विचार मात्र जगात सगळीकडेच उशिरा झाला.

युद्धानंतर हिल चित्रे काढीत व कला शिकवीत राहिले. १९३८ साली त्यांना क्षयरोगाने गाठले. त्या काळी क्षयावर रामबाण औषध नव्हते. मोकळी हवा आणि महिनोन्‌महिने स्वस्थ पडून राहणे, हाच उपचार. ससेक्स परगण्यातील मिडहर्स्टच्या आरोग्यधामात हिल असेच पडून होते. चुळबुळ्या हातांना हा निरुद्योग सोसवेना. त्यांनी कागद-पेन्सिल मागवली आणि उशाजवळच्या वस्तू रेखाटण्यास आरंभ केला. चित्रात मन गुंतले, की आजाराचा विसर पडतो, असा अनुभव त्यांना येऊ लागला.

इतक्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जखमी सैनिकही त्या आरोग्यधामात येऊ लागले. तेथील अधिकाऱ्यांनी हिल यांना या रुग्णांना चित्रकला शिकविण्याची विनंती केली. मन रमावे, वेळ जावा, एवढाच प्रारंभीचा हेतू होता. परंतु काही सैनिकांच्या कागदावर फुले आणि डोंगर उमटलेच नाहीत. त्यांनी आपली भीती आणि रणांगणावरची भयंकर दृश्ये काढली! जे आईला किंवा डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते, ते रेषांतून बाहेर आले. रात्रंदिवस मनात घोळणारे भय आता समोरच्या कागदावर होते. त्याच्याकडे पाहता येत होते, बोलता येत होते, हवे तर तो कागद मिटून ठेवता येत होता. हिल स्वतः रणभूमीवरून आलेले असल्यामुळे या चित्रांचा अर्थ त्यांना विचारावा लागला नसेल.

१९४२ साली हिल यांनी या पद्धतीला आर्ट थेरपी, म्हणजे कलोपचार, असे नाव दिले. कला आणि आजार यांच्या झुंजीविषयी त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. रेडक्रॉसच्या साहाय्याने त्यांनी रुग्णालयांना उत्तम चित्रांच्या प्रती उसन्या देण्याची योजनाही चालविली. भिंतीवर चित्र लागले, की शेजारचे रुग्ण आपल्या खोकल्याऐवजी त्या चित्राविषयी वाद घालीत. या कार्यातूनच एडवर्ड अ‍ॅडमसन नावाचा चित्रकार १९४६ साली नेदर्न येथील मनोरुग्णालयात गेला आणि पुढे अनेक वर्षे तेथे रुग्णांसाठी चित्रशाळा चालवीत राहिला.

चित्राने फुप्फुस बरे होत नाही किंवा तुटलेला कणा जुळत नाही. तेव्हा हा उपाय म्हणजे निव्वळ करमणूक आहे, असे म्हणणारेही होते. तरीही काम वाढत गेले. ब्रिटनमधील कलोपचारकांची संघटना १९६४ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद हिल यांच्याकडे आले. त्याआधीच दूरचित्रवाणीवर मुलांना चित्रे काढावयास शिकविणारे गृहस्थ म्हणून ते इंग्लंडमध्ये घरोघरी परिचित झाले होते. १९७७ साली त्यांचे निधन झाले. खंदकांच्या चिखलात बसून त्यांनी काढलेली चित्रे लंडनच्या युद्धसंग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.