ललिताबाईंचा दुसरा डाव

जुन्या हिंदी चित्रपटांतील खाष्ट सासू तुम्ही पाहिली असेल. डोक्यावर पदर, ओठ घट्ट मिटलेले आणि डावा डोळा किंचित बारीक. ती पडद्यावर आली, की आता सुनेचे काही खरे नाही, हे लहान मुलांनाही कळत असे. त्या अभिनेत्रीचे नाव ललिता पवार. तुमच्या दादी-नानींना विचारा. त्या नाव ऐकताच हसतील, कदाचित थोड्या रागावतीलही! पण तो डोळा बारीक कशामुळे झाला, हे त्यांनाही ठाऊक असेलच असे नाही. पुष्कळांना वाटे, ती बाईंच्या अभिनयाची लकब आहे.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी झाला. त्यांचे मूळ नाव अंबा. घर नाशिक जिल्ह्यातील येवल्याचे. येवला हे पैठणी विणणाऱ्यांचे गाव आहे. अंबाचे वडील लक्ष्मणराव सगुण रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार करत. घरात पैसा होता, पण मुलींना शाळेत पाठवण्याची पद्धत नव्हती. अंबाही शाळेत गेली नाही.

पुण्यात एका चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. ते पाहायला अंबा घरच्या माणसांबरोबर गेली. तेथे तिला काम मिळाले. १९२८ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात ती बालकलाकार म्हणून पडद्यावर आली. तिचा पगार महिना १८ रुपये होता, असे सांगतात. आज हे ऐकून तुम्हाला विशेष काही वाटणार नाही. पण त्या काळाचा विचार करा. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी याच कथेवर आपला पहिला चित्रपट काढला, तेव्हा राणी तारामतीच्या कामासाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नव्हती. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने साडी नेसून ते काम केले. त्यानंतर पंधराच वर्षांनी एका व्यापाऱ्याची मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली!

मूकपट म्हणजे न बोलणारा चित्रपट. राग, भीती, आनंद, सारे काही चेहऱ्यानेच सांगायचे. त्यातही एक अडचण होती. त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळा दिसे आणि निळा रंग पांढरट. म्हणून नटांच्या चेहऱ्याला जाड रंग लावावा लागे आणि डोळे काजळाने ठळक करावे लागत. अशा रंगाखालून भाव दाखवणे सोपे नव्हते. अंबा हे सारे लहान वयातच शिकली. चेहरा हीच तिची शाळा, असे म्हटले तरी चालेल.

मोठी झाल्यावर ती ललिता या नावाने नायिकेची कामे करू लागली. १९३२ साली ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीत तिचाही वाटा होता. तेव्हा तिचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट आल्यावर अनेक मूकपट कलाकार मागे पडले, कारण त्यांना हिंदुस्थानी भाषा नीट बोलता येत नव्हती. ललिताबाईंची मातृभाषा मराठी. शाळेचे शिक्षण नाही. तरी त्या उर्दू-हिंदी संवाद शिकल्या. १९३५ सालच्या ‘हिम्मत-ए-मर्दां’ या बोलपटात त्यांनी गाणीही स्वतः गायली. या नावातली म्हण तुम्हाला नक्कीच ठाऊक आहे! तुम्ही उर्दूतून शिकता आणि आता मराठी शिकत आहात. ललिताबाई याच रस्त्याने उलट्या दिशेने चालल्या होत्या.

दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी लग्न झाल्यावर त्या ललिता पवार झाल्या. टॉलस्टॉय या रशियन लेखकाच्या कादंबरीवर ‘दुनिया क्या है’ हा चित्रपटही त्यांनी काढला. मराठीत ‘छत्रपती संभाजी’, ‘अमृत’ अशा चित्रपटांत त्यांची कामे झाली. सारे काही चांगले चालले होते.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. एका प्रसंगात नट भगवान यांनी त्यांना थप्पड मारायची होती. पडद्यावरची थप्पड खोटी असते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी मात्र हात जोरात बसला. हे काही मुद्दाम झाले नव्हते. पण त्या फटक्याने ललिताबाईंच्या डाव्या डोळ्यातील शीर फुटली आणि चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. उपचार दीर्घकाळ चालले. चेहरा पुष्कळ सुधारला, डोळा मात्र कायमचा बारीक राहिला. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या.

तुम्ही म्हणाल, चित्रपटांत तर रंगभूषा करणारे कुशल कारागीर असतात. त्यांनी हा दोष झाकला नसता का? रंगभूषेने डाग झाकता येतो, तरुणाला म्हातारे करता येते, नसलेली जखमही दाखवता येते. पण न हलणारा स्नायू रंग लावून हलत नाही. मिटू पाहणारी पापणी काजळाने उघडत नाही. नायिकेची कामे संपली. बालपणापासून ज्या चेहऱ्यावर पोट भरले, तोच चेहरा आता निर्मात्यांना नको होता.

ललिताबाई घरी बसल्या नाहीत. मिळतील ती दुय्यम कामे त्यांनी घेतली. १९४४ साली प्रभात कंपनीच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटात त्या आनंदीबाई झाल्या. पेशवाईतील ही कारस्थानी स्त्री त्यांनी अशी उभी केली, की तो बारीक डोळा आता अडचण राहिला नाही, त्या पात्राचाच भाग झाला. पुढे १९५० साली व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ आला. त्यात हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू त्यांनी केली. हुंडाबंदीचा कायदा देशात १९६१ साली झाला, म्हणजे चित्रपटानंतर अकरा वर्षांनी. या सासूचा लोकांना इतका राग आला, की घरोघरी कडक सासूला ललिता पवार म्हणण्याची रीत पडली. अभिनेत्रीला याहून मोठी पावती ती कोणती? पण हे नाव ऐकणाऱ्या बिचाऱ्या सासूला काय वाटत असेल, तेही पाहा!

माझ्या मते त्यांचे खरे कसब वेगळ्याच भूमिकांत दिसते. १९५५ सालच्या ‘श्री ४२०’ मध्ये त्या रस्त्यावर केळी विकणाऱ्या मायाळू गंगामाई आहेत. १९५९ सालच्या ‘अनाडी’मधील घरमालकीण मिसेस डिसा तर जरूर पाहा. भाडेकरूवर ती सतत ओरडते आणि गुपचूप त्याची काळजी घेते. डोळा तोच, चेहरा तोच, पण आता त्याची भीती वाटत नाही. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. त्याच वर्षीच्या ‘जंगली’मध्ये त्या घरात हसायला बंदी घालणारी आई झाल्या. प्रेक्षक मात्र पोट धरून हसले.

नायिका म्हणून त्यांना जेमतेम दहा-बारा वर्षे मिळाली होती. हा दुसरा डाव पन्नास वर्षांच्या आसपास चालला.

त्यांचे वय सत्तर झाले, तेव्हा दूरदर्शन घरोघरी पोहोचू लागले होते. २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका सुरू झाली. येवला असो, मुंबई असो की आपले कारंजा (घाडगे), रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. ज्या घरात टीव्ही असे, तेथे शेजारीपाजारी सगळे जमत. या मालिकेत ललिताबाई मंथरा झाल्या. पाठीला कुबड, हातात काठी आणि तीच तिरपी नजर. चित्रीकरण गुजरातमधील उंबरगाव येथे होत असे. मूकपटात अठरा रुपयांवर काम करणारी अंबा आता टीव्हीच्या छोट्या पडद्यावर, आपल्याहून पन्नास-साठ वर्षांनी लहान मुलांना घाबरवत होती.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात ललिताबाईंचे निधन झाले. २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले. सारा देश घरात बसलेला होता. तेव्हा मंथरा काठी टेकत पुन्हा एकदा पडद्यावर आली आणि ज्यांनी तिला कधी पाहिले नव्हते, अशा मुलांनीही विचारले, ही बाई कोण?