दादरच्या गाडीवरचा बल्लवाचार्य

स्वयंपाकाच्या व्यवसायात नाव मिळवायचे तर हाताशी पदविका हवी, पंचतारांकित हॉटेलच्या मुदपाकखान्यात उमेदवारी केलेली हवी, असा आज सर्वसाधारण समज आहे. तो निराधारही नाही. १९५४ साली स्थापन झालेली, देशातील आपल्या प्रकारची पहिली हॉटेल व्यवस्थापन संस्था दादरमध्येच आहे आणि तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी देशोदेशीच्या हॉटेलांत मानाने काम करीत आहेत. मात्र याच दादरने आणखी एक पाककर्मी मुंबईला दिला. त्याच्याजवळ ना पदविका होती, ना मुदपाकखाना. होती ती रेल्वे स्थानकाबाहेरची एक गाडी, एक कढई आणि हाताला असलेली चव. त्याचे नाव अशोक वैद्य. मुंबईच्या वडापावचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

वैद्य यांनी दादर स्थानकाबाहेर गाडी लावली ते वर्ष होते १९६६. मुंबईतील मराठी तरुणाच्या दृष्टीने ते वर्ष साधे नव्हते. महाराष्ट्र राज्य होऊन सहा वर्षे लोटली होती, तरी नोकऱ्यांच्या रांगेत आपण मागेच आहोत, ही खंत चाळीचाळींतून बोलली जात होती. जून १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाली. उडुपी हॉटेलवाल्यांनी परगावाहून येऊन जशी उपाहारगृहे उभारली, तसे मराठी तरुणांनीही खाद्यपदार्थांच्या धंद्यात उतरावे, असा आग्रह बाळासाहेब ठाकरे त्या काळात धरीत होते. नोकरीला प्रतिष्ठा आणि धंद्याला कमीपणा मानणाऱ्या मध्यमवर्गीय मराठी मनाला हा विचार पचवणे सोपे नव्हते. रस्त्यावर उभे राहून वडे तळणे ही तर त्याहून अवघड गोष्ट. ती वैद्य यांनी केली.

सुरुवातीला त्यांच्या गाडीवर मिळत असे तो केवळ बटाटेवडा. हा पदार्थ दादरला नवा नव्हता. स्थानकालगतच्या मामा काणे यांच्या उपाहारगृहाची परंपरा १९१० पासूनची, आणि तिथल्या वड्याची ख्याती सर्वदूर होती. अशा ठिकाणी टेबल-खुर्चीवर बसून बशीतला वडा खाणे हा दादरकरांच्या दिनक्रमाचा भाग होता. पण बसायला वेळ असेल त्यालाच हे सुख. वैद्य यांच्या गाडीपुढून जाणाऱ्या माणसांकडे तेवढाच नव्हता.

दादर म्हणजे पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांचा संगम. एका बाजूला परळ-लालबागचे गिरणगाव, दुसऱ्या बाजूला प्रभादेवी-वरळीच्या गिरण्या. भोंगा झाला की एक पाळी सुटे आणि दुसरी भरे. रातपाळीहून परतणारा कामगार, उपनगरातून येणारा कारकून, गाडी बदलणारा प्रवासी, या सर्वांची गरज एकच होती. खिशाला परवडेल, चालता चालता खाता येईल आणि पुढचे जेवण मिळेपर्यंत पोटाला आधार देईल, असे काहीतरी त्यांना हवे होते. घरून आणलेली पोळी-भाजी गच्च भरलेल्या लोकलमध्ये उघडून खाणे शक्य नव्हते. नुसता गरम वडा हातात धरवत नव्हता आणि एका वड्याने भूकही भागत नव्हती.

या अडचणीचे उत्तर वैद्य यांना अगदी शेजारी सापडले. त्यांच्या गाडीलगत ऑम्लेट-पाव विकणारा एक जण उभा राहत असे. त्याच्याकडचा पाव घेऊन त्यात आपला वडा ठेवून पाहण्याचा प्रयोग वैद्य यांनी केला. त्यावर चटणी आली आणि वडापाव तयार झाला. याच सुमारास दादर परिसरात हा धंदा सुरू करणारे सुधाकर म्हात्रे यांचेही नाव या संदर्भात घेतले जाते; तथापि स्थानकाबाहेरच्या पहिल्या गाडीचा मान बहुतेक जण वैद्य यांनाच देतात.

आज हा प्रयोग क्षुल्लक वाटेल. परंतु त्यामागची जाण समजून घेतली पाहिजे. बटाटेवडा हा घरगुती, मऊ, फोडणीच्या चवीचा पदार्थ. उकडलेला बटाटा, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, आले-लसूण-मिरचीचे वाटण, कोथिंबीर आणि वर डाळीच्या पिठाचे आवरण. पाव आला तो पोर्तुगीजांबरोबर. पुढे गोवेकर आणि इराणी बेकरीवाल्यांनी तो मुंबईच्या गल्लीबोळांत पोहोचवला. अनेक सोवळ्या घरांत त्याला एके काळी मज्जाव होता. वास्तविक बटाटा आणि मिरचीही सातासमुद्रापलीकडूनच आली, पण ती घरचीच होऊन गेली. पाव मात्र दारातच थांबला होता. त्याला वड्याच्या जोडीला बसवून गाडीवाल्यांनी मराठी जिभेशी त्याचे कायमचे नाते जुळवले.

चवीचा हिशेबही पक्का होता. पाव फिका आणि मऊ, म्हणून त्यात तिखट, कुरकुरीत काही हवे. वड्याचे तेल पाव शोषून घेतो, त्यामुळे हात माखत नाहीत. लसणाची सुकी चटणी दिवसभर टिकते आणि ओल्या चटणीसारखी पावाला लगदा करीत नाही. ताट नको, चमचा नको, धुणेपुसणे नको. घाणा कढईतून निघाला की काही क्षणांत गिऱ्हाईक मोकळे. कमीत कमी जागेत जास्तीत जास्त लोकांना गरम अन्न कसे द्यावे, हा मोठमोठ्या स्वयंपाकघरांना पडणारा प्रश्न या पदार्थाने सहज सोडवला. १९७१ च्या सुमारास दहा-पंधरा पैशांना मिळणारा वडापाव कामगाराच्या खिशाला सहज झेपणारा होता.

पुढच्या दशकांत या पदार्थाने जे केले, त्याची कल्पना १९६६ मध्ये कुणालाच करता आली नसती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुसंख्य गिरण्यांची चाके पुन्हा पूर्वीसारखी फिरलीच नाहीत. ज्या वडापावने गिरणगावची मधली भूक भागवली होती, तोच आता अनेक बेकार हातांचा रोजगार झाला. थोडक्या भांडवलात, घरच्या माणसांच्या मदतीने उभा राहणारा हा धंदा होता. नाक्यानाक्यावर गाड्या लागल्या त्यामागे खवय्येगिरीइतकीच ही विवंचनाही होती.

वैद्य यांना या साऱ्याचा आर्थिक लाभ काय झाला? पदार्थाच्या कल्पनेवर कुणाची मालकी सांगता येत नाही. पाहणाऱ्याने पाहावे आणि आपली गाडी लावावी, असा हा मामला. २००१ साली मालाड स्थानकाबाहेर सुरू झालेल्या एका दुकानातून वडापावची आधुनिक विक्रीसाखळी उभी राहिली. राजकीय पक्षानेही आपल्या नावाचा वडापाव आणला. या उलाढालीत मूळ गाडीवाल्याचा वाटा नव्हता. १९९८ मध्ये अशोक वैद्य यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात मुलाने हा व्यवसाय पुढे चालवला.

त्यांच्या यशाचे मोजमाप म्हणूनच निराळ्या मापाने करावे लागते. नामवंत शेफच्या नावावर एखादी खास पाककृती असते. ती त्याच्या हॉटेलात, त्याच्या किमतीत मिळते. वैद्य यांच्या नावाशी जोडलेला पदार्थ मात्र आज कोणत्याही नाक्यावर, कोणाच्याही हातचा मिळतो आणि खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे नाव ठाऊकही नसते.

या कहाणीला एक अस्वस्थ करणारी बाजूही आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर स्थानकांभोवतीच्या फेरीवाल्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत व्यवसाय करण्यास असलेली मनाई मुंबई उच्च न्यायालयाने ठामपणे अधोरेखित केली. प्रवाशांच्या जिवापुढे दुसरे काहीच मोठे नाही, हे मान्यच. परंतु त्या नियमाच्या कक्षेत १९६६ ची वैद्य यांची गाडीही बसली नसती, हेही तितकेच खरे.

पाककलेच्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या आजच्या तरुणांसमोर शिक्षणाच्या कितीतरी वाटा खुल्या आहेत आणि त्यांनी त्या जरूर चोखाळाव्यात. मात्र कोणत्याही वर्गात सहजी न शिकवली जाणारी एक गोष्ट दादरच्या या बल्लवाचार्याला साधली होती. समोरून जाणारा माणूस कोण आहे, त्याच्याजवळ किती वेळ आणि किती पैसे आहेत, हे ओळखून त्याच्यासाठी रांधणे. या शहरात ज्यांना अजूनही भांडवलावाचून सुरुवात करायची आहे, त्यांना एक कढई मांडण्यापुरती जागा मिळेल काय, हा प्रश्न मात्र मुंबईने स्वतःला विचारायचा आहे.