ग्रँट रोडच्या हॉटेलातला आचारी ते सिनेमाची पहिली 'नायिका': अण्णा साळुंके

विरार फास्टने चर्चगेटला जाताना मुंबई सेंट्रल सोडलं की ग्रँट रोड न थांबताच मागे जातं. मीही वसईहून रोज हे स्टेशन असंच मागे टाकतो. पण तुम्ही मोबाइलवर जे सिनेमे, रील्स बघता, त्यांच्या इतिहासातला एक मोठा माणूस याच भागातल्या एका हॉटेलात स्वयंपाक करत होता. त्याचं नाव अण्णा साळुंके.

आजच्या लेखात त्यांची गोष्ट, आणि त्या काळचा कॅमेरा नेमका कसा चालायचा, हे दोन्ही समजून घेऊ.

नायिका मिळेना!

१९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला जाऊन सिनेमा बनवायचं शिकून आले. कॅमेरा आला, गोष्ट ठरली: राजा हरिश्चंद्र. अडचण होती तारामतीची. सिनेमात काम करणं तेव्हा इतकं कमी दर्जाचं मानलं जायचं की एकही बाई तयार होईना. फाळक्यांनी अगदी तमासगीर आणि वेश्यावस्तीतही विचारून पाहिलं, तिथूनही नकार आला.

फाळके ग्रँट रोडच्या एका हॉटेलात चहा-जेवणाला जायचे. तिथला आचारी त्यांच्या नजरेत भरला: सडपातळ बांधा, नाजूक हात. असं सांगतात की अण्णांना तिथे महिन्याला १० रुपये पगार होता आणि फाळक्यांनी १५ देऊ केले. अण्णांनी हो म्हटलं. साडी नेसून, दागिने घालून ते तारामती झाले.

नाटकात पुरुषांनी स्त्रीभूमिका करणं आपल्याकडे नवीन नव्हतं. पण स्टेजवर प्रेक्षक लांब असतो. कॅमेरा थेट चेहऱ्यापाशी येतो, तिथे काही लपत नाही. शिवाय वडील जिवंत असताना मिशी काढायची नाही अशी समजूत, त्यामुळे स्त्रीपार्टी नटांना मिशी काढायला राजी करणं हेही फाळक्यांसाठी एक कामच होतं.

तेव्हा शूटिंग कसं व्हायचं?

तुमचा फोन ३० किंवा ६० एफपीएसने व्हिडिओ काढतो, म्हणजे सेकंदाला तितके फोटो. मूकपटाच्या काळात हा वेग साधारण १६ असायचा, आणि तो कोणतं सॉफ्टवेअर नाही, तर कॅमेरामनचा हात ठरवायचा. बाजूचा दांडा सेकंदाला दोनदा फिरवायचा, एका फेऱ्यात ८ फ्रेम. हात मंदावला की पडद्यावरची माणसं पळायला लागायची.

दुसरी गंमत रंगांची. त्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसायचाच नाही. लाल कुंकू, लाल काठ पडद्यावर काळे यायचे. त्यामुळे कपडे आणि मेकअप डोळ्यांना काय छान दिसतं यापेक्षा फिल्मला काय दिसतं हे बघून ठरवावे लागायचे.

शूटिंग दादरला, सूर्यप्रकाशात. ऊन गेलं की काम बंद. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरी करायच्या. सुमारे ३,७०० फूट लांबीची ही फिल्म ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागली आणि चालली.

त्याच वर्षी मोहिनी भस्मासुर मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या खऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या. तरी अण्णांचं काम थांबलं नाही.

एकाच सिनेमात राम पण, सीता पण

१९१७ च्या लंकादहन मध्ये अण्णांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. भारतीय सिनेमातला हा पहिला डबल रोल मानला जातो. पडद्यावर राम आला की लोक पायातल्या चपला काढायचे. आणि सीतेचे दंड जरा जास्तच पिळदार आहेत, हेही काहींच्या लक्षात आलं होतं!

डबल रोलचं तंत्र काय? दोन पात्रं वेगवेगळ्या शॉटमध्ये असतील तर सोपं: कपडे बदला, पुन्हा शूट करा. एकाच फ्रेममध्ये हवी असतील तर लेन्सचा अर्धा भाग झाकून शूट करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, मग दुसरा अर्धा झाकून पुन्हा शूट. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १९०० मध्येच अशा युक्तीने स्वतःची सात रूपं एकत्र दाखवली होती. आज तुमच्या फोनमधलं क्लोन ॲप तेच करतं, फक्त फिल्म उलटी गुंडाळावी लागत नाही.

कॅमेऱ्यासमोरून कॅमेऱ्यामागे

मला सगळ्यात भारी वाटतो तो यापुढचा भाग. अण्णा नुसते नट राहिले नाहीत, ते कॅमेरा चालवायला शिकले. सत्यनारायण (१९२२) आणि फाळक्यांचा बुद्धदेव (१९२३) या चित्रपटांचे ते छायाचित्रकार होते. शाळा नाही, कोर्स नाही, यूट्यूब ट्युटोरियल नाही. रोज सेटवर उभं राहून जे दिसलं ते उचललं.

मग १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात आलम आरा लागला. सिनेमा बोलायला लागला. आता नटाचा आवाज, भाषा, गाणं सगळं महत्त्वाचं झालं. अण्णांची १८ वर्षांची कारकीर्दही याच वर्षी संपते.

आमच्या ऑफिसात सध्या रोज एकच चर्चा असते: एआय आल्यावर आपल्या नोकरीचं काय? मला अण्णा आठवतात. एकदा आचाऱ्याचे नट झाले, नटाचे छायाचित्रकार झाले. प्रत्येक बदल झेपतोच असं नाही, हेही त्यांच्याच गोष्टीत आहे. पण कॅमेरा शिकले नसते तर मधली वर्षं तरी मिळाली असती का?

आज काय उरलंय?

जुनी नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची, नाहीतर कुजायची. त्यामुळे त्या काळातले बहुतेक सिनेमे गेले. राजा हरिश्चंद्र म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे जपलंय, तेही पूर्ण नाही. ते १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचं असावं असं काही अभ्यासक मानतात. त्यातल्या कारंज्याच्या प्रसंगातल्या सगळ्या सख्या पुरुषच आहेत. यूट्यूबवर हे तुकडे सापडतात, नक्की बघा.

आता आपल्याकडे नायगावला मालिकांचे सेट आहेत. पुढच्या वेळी तिथे शूटिंग बघायला गर्दी केलीत, तर हिरो-हिरोइनबरोबर चहा देणाऱ्या मुलाकडेही एकदा बघा. आणि हो, घरातल्या जुन्या लग्नाच्या कॅसेट अजून डिजिटल केल्या नसतील, तर या रविवारी ते काम उरकून टाका!