अंगठ्याच्या नखाखालचा काळा डाग



स्नेहसंमेलनाच्या तालमीला मुले घरचे कपडे घालून येतात. त्यांतल्या दोन-तीन टी-शर्टांवर मला दरवर्षी एकच चेहरा दिसतो. लांब जटा, हसरे डोळे. हा कोण, असे विचारले तर नाव बहुतेकांना येते, पुढचे काही येत नाही. म्हणून या अंकात बॉब मार्ले याचे चरित्र देत आहे. त्याची गाणी मी स्वतः फारशी ऐकलेली नाहीत, आमचे कान विविध भारतीवर तयार झालेले. पण तो ज्या आजाराने गेला, तो प्रत्येक घरात माहीत असावा असे मला वाटते.

ज्या जमैका बेटाने क्रिकेटला होल्डिंग आणि वॉल्श दिले, तेथील नाइन माइल नावाच्या खेड्यात ६ फेब्रुवारी १९४५ रोजी बॉबचा जन्म झाला. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय. वडिलांचा सहवास नावापुरताच लाभला. आईबरोबर तो किंग्स्टन शहरातल्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत राहायला आला. पोटासाठी वेल्डिंगचे काम शिकला, पण मन गाण्यात होते. १९६३ मध्ये मित्रांसह ‘वेलर्स’ ही मंडळी उभी केली आणि पुढे जमैकाचे रेगे संगीत साऱ्या जगात पोहोचवले. ३ डिसेंबर १९७६ रोजी त्याच्या घरात शिरून बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. तो जखमी झाला, तरी दोनच दिवसांनी ठरलेल्या कार्यक्रमात हजारो लोकांपुढे गायला. असा हा जिद्दी माणूस.

गाण्याखालोखाल त्याचे प्रेम फुटबॉलवर. दौऱ्यावर असला तरी वेळ मिळाला की चेंडू काढायचा. १९७७ मध्ये पॅरिसला खेळताना उजव्या पायाच्या अंगठ्याला मार बसला, नख उखडले. खेळणाऱ्याच्या पायाला असे होतच असते, त्यामुळे कोणाला विशेष वाटले नाही. पण जखम भरेना. डॉक्टरांनी तपासले तेव्हा नखाखाली मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कर्करोग निघाला. तो चेंडूच्या माराने झालेला नव्हता. माराकडे बोट दाखवता येत असल्यामुळे दुसरे कारण कोणी शोधले नाही, एवढेच.

येथे थोडे थांबून सांगतो. त्वचेचा कर्करोग हा उन्हात भाजणाऱ्या गोऱ्या लोकांचा आजार, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. सावळ्या कातडीला उन्हापासून बरेच संरक्षण मिळते. पण मेलॅनोमाचा एक प्रकार तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी संबंध नाही आणि सावळ्या वर्णाच्या लोकांत मेलॅनोमा झालाच तर बहुधा तो याच जागी सापडतो. आपल्याकडे हा आजार विरळा आहे, पण विरळा म्हणूनच उशिरा ओळखला जातो. तळव्याचा काळा डाग म्हणजे भोवरी (आपल्या इंदुरात गोखरू) समजून घरीच ब्लेडने खरवडणारे, चुना लावणारे लोक मी पाहिले आहेत. असे कधीही करू नये.

नखाखाली ठेच लागून रक्त साकळले असेल तर तो डाग नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतो आणि शेवटी कापला जातो. अंगठ्याचे नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते, पण दोन-तीन महिन्यांत डाग मुळापासून सुटलेला दिसायला हवा. जागचा हलत नसेल, नखावर काळी-तपकिरी पट्टी येऊन रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवावे. तळव्यावरचा डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच डागात दोन-तीन रंग असतील, त्यातून रक्त येत असेल, तरीही तसेच. दुखत नाही म्हणून थांबू नये, सुरुवातीला तो सहसा दुखतच नाही. डॉक्टर भिंगासारख्या यंत्रातून पाहतात आणि शंका वाटली तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. बहुतेक डाग निरुपद्रवी निघतात. आपल्या एम. वाय. रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे.

बॉबला अंगठा काढून टाकण्याचा सल्ला मिळाला होता. त्याच्या रास्ताफारी पंथात शरीर अखंड ठेवण्यावर श्रद्धा, शिवाय मंचावर नाचणारा माणूस. त्याने नकार दिला. नख आणि त्याखालचा भाग काढून मांडीची कातडी लावण्यात आली. अंगठा काढला असता तर तो वाचलाच असता, असे मी म्हणणार नाही. त्यानंतर तो पुन्हा कामाला लागला. एप्रिल १९७८ मध्ये जमैकाच्या दोन कट्टर विरोधी नेत्यांना, मॅनली आणि सियागा यांना, त्याने मंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. १९८० मध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात गायला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बागेत धावता धावता कोसळला. रोग मेंदूपर्यंत गेला होता. तरी दोन दिवसांनी पिट्सबर्गला शेवटचा कार्यक्रम केला. पुढे जर्मनीत एका डॉक्टरांकडे काही महिने वेगळ्या पद्धतीचे उपचार झाले, उपयोग झाला नाही. मायदेशी परतताना प्रकृती इतकी खालावली की मायामीलाच थांबावे लागले. तेथे ११ मे १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला. जमैकाने सरकारी इतमामाने निरोप दिला आणि नाइन माइललाच त्याची समाधी बांधली.

आपल्या वार्षिक आरोग्य तपासणीत मुलांचे डोळे आणि दात पाहतात, बूट मात्र पायातच राहतात. यंदा बूट-मोजे काढून तपासणी होईल. त्या दिवशी मुलांनी नखे कापून, नेलपॉलिश न लावता यावे. आजी-आजोबांचे तळवे घरी मुलांनीच पाहावेत, त्यांना स्वतःला वाकून दिसत नाहीत.