जॉन विल्यम कोलेन्सो

जॉन विल्यम कोलेन्सो (२४ जानेवारी १८१४ – २० जून १८८३) हे इंग्लिश गणितज्ञ, बायबलचे अभ्यासक आणि दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीचे पहिले अँग्लिकन बिशप होते. बायबलच्या जुन्या करारातील पहिल्या पाच ग्रंथांची त्यांनी केलेली चिकित्सा १८६२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यामुळे संपूर्ण बायबल हे देवाचे वचन आहे, की बायबलमध्ये देवाचे वचन सामावलेले आहे, हा वाद इंग्लंडच्या चर्चमध्ये तीव्र झाला. या मतांबद्दल त्यांच्यावर धर्मन्यायालयात खटला चालवून त्यांना पदच्युत करण्यात आले. प्रीव्ही कौन्सिलने तो निर्णय रद्दबातल ठरवल्यामुळे ते मृत्यूपर्यंत बिशपपदावर राहिले. झुलू भाषेचे अभ्यासक व झुलू लोकांचे कैवारी म्हणूनही ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

कोलेन्सो यांचा जन्म इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील सेंट ऑस्टेल येथे झाला. त्यांचे वडील खाण व्यवसायात होते. खाणीत पाणी शिरल्याने कुटुंबाचे मोठे आर्थिक नुकसान झाले आणि जॉन यांना लहान वयातच शिक्षकाची नोकरी करून पुढील शिक्षणाची सोय करावी लागली. केंब्रिज विद्यापीठाच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी फीची सवलत घेऊन प्रवेश मिळवला. १८३६ साली ते गणिताच्या परीक्षेत दुसरे आले आणि १८३७ मध्ये त्याच कॉलेजाचे फेलो झाले.

पुढे हॅरो येथील प्रसिद्ध शाळेत त्यांनी गणित शिकवले. तेथे आगीत त्यांचे घर जळाले व ते कर्जबाजारी झाले. १८४२ मध्ये ते केंब्रिजला परतले. या काळात त्यांनी लिहिलेली बीजगणित व अंकगणिताची पाठ्यपुस्तके ब्रिटनभर वापरली जाऊ लागली. त्यांचे हक्क प्रकाशकाला विकून त्यांनी आपले कर्ज फेडले. १८४६ मध्ये सारा फ्रान्सिस बनियन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी ते नॉरफोक परगण्यातील फॉर्नसेट सेंट मेरी येथे धर्मगुरू म्हणून रुजू झाले. धर्मविचारात त्यांच्यावर एफ. डी. मॉरिस या उदारमतवादी विचारवंताचा प्रभाव होता. देवाचे प्रेम सर्व मानवजातीसाठी आहे, ही मॉरिस यांची शिकवण त्यांनी आयुष्यभर मानली.

नाताळमधील कार्य

केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी नाताळच्या नव्या धर्मप्रांतासाठी कोलेन्सो यांची निवड केली. ३० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. पुढील वर्षी दहा आठवड्यांचा पाहणी दौरा करून ते १८५५ मध्ये कुटुंबासह नाताळमध्ये स्थायिक झाले. पीटरमॅरिट्झबर्ग शहराजवळ बिशपस्टो येथे त्यांनी एकुखान्येनी, म्हणजे प्रकाशाचे स्थान, हे मिशन केंद्र उभारले. तेथे शाळा व छापखाना होता. झुलू लोक त्यांना सोबांतु, म्हणजे लोकांचा पिता, म्हणत.

कोलेन्सो यांनी झुलू भाषेचे व्याकरण लिहिले आणि १८६१ मध्ये झुलू–इंग्लिश शब्दकोश प्रसिद्ध केला. नवा करार व जुन्या करारातील काही ग्रंथ त्यांनी झुलू भाषेत आणले. या कामात विल्यम न्गिदी हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. केंद्राच्या छापखान्यात काम शिकलेले मागेमा फुझे पुढे झुलू भाषेतील आरंभीचे महत्त्वाचे ग्रंथकार ठरले.

इतर मिशनऱ्यांपेक्षा कोलेन्सो यांची भूमिका प्रारंभापासूनच वेगळी होती. ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्या पुरुषाला एकाहून अधिक पत्नी असतील, तर बाप्तिस्म्यापूर्वी त्याने त्यांना टाकून द्यावे अशी सक्ती करू नये, असे त्यांचे मत होते. त्या स्त्रियांवर व मुलांवर त्यामुळे अन्याय होतो, असे ते म्हणत. १८६१ मध्ये रोमकरांस पत्रावर लिहिलेल्या भाष्यात त्यांनी ख्रिस्ताला न ओळखता मरण पावलेल्यांना अनंतकाळची शिक्षा होते, ही कल्पना नाकारली. ग्रे यांच्याशी त्यांचे मतभेद येथूनच वाढत गेले.

भाषांतरातून उद्भवलेले प्रश्न

उत्पत्तीच्या ग्रंथातील जलप्रलयाच्या कथेचे भाषांतर सुरू असताना न्गिदी यांनी कोलेन्सो यांना ही कथा खरी आहे काय, असे विचारले. उष्ण व थंड प्रदेशांतील सर्व पशुपक्षी एका तारवात कसे आले, आणि हिंस्र प्राण्यांसह सर्वांना पुरेल एवढे अन्न नोहाने कसे जमवले, अशी त्यांची शंका होती. कोलेन्सो यांना भूगर्भशास्त्राची माहिती होती. फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रदेशातील ज्वालामुखीजन्य टेकड्या नोहाच्या काळापेक्षा कितीतरी प्राचीन असून त्यांच्यावरील हलकी, सैल राख जलप्रलयात वाहून गेलेली नाही, हे त्यांना ठाऊक होते. जे स्वतःला खरे वाटत नाही ते देवाच्या नावाने दुसऱ्याला खरे म्हणून सांगणे त्यांना शक्य झाले नाही.

दुसरा प्रसंग निर्गमाच्या २१ व्या अध्यायाचा होता. धन्याने दासाला मारल्यावर तो एक-दोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा होऊ नये, कारण दास हे त्याचे धन आहे, असा नियम तेथे आहे. दयाळू देवाने असे म्हटले असेल, या कल्पनेने झुलू सहकाऱ्याला वाटलेली घृणा कोलेन्सो यांनी नोंदवून ठेवली. जलप्रलयाच्या कथेने बायबलमधील इतिहासाविषयी शंका उपस्थित केली होती. या नियमाने त्यातील नीतीविषयीही तसाच प्रश्न निर्माण केला.

पंचग्रंथाची चिकित्सा

१८६२ मध्ये कोलेन्सो इंग्लंडला आले आणि पंचग्रंथ व यहोशवाच्या ग्रंथाचे चिकित्सक परीक्षण करणाऱ्या आपल्या ग्रंथाचा पहिला भाग त्यांनी प्रसिद्ध केला. १८७९ पर्यंत त्याचे सात भाग निघाले. पहिल्या भागात त्यांनी प्रामुख्याने ग्रंथातील संख्या तपासल्या. त्यातील काही मुद्दे पुढीलप्रमाणे होते.

याकोबाच्या घराण्यातील सत्तर जण मिसर देशात गेले, असे निर्गमात म्हटले आहे. मोशेच्या वंशावळीत लेवीपासून मोशेपर्यंत चारच पिढ्या येतात. गणनेच्या ग्रंथानुसार मात्र मिसरमधून निघालेल्या इस्राएलात वीस वर्षांवरील युद्धयोग्य पुरुष ६,०३,५५० होते. स्त्रिया, मुले व वृद्ध धरल्यास ही संख्या वीस लाखांवर जाते. एवढी वाढ इतक्या थोड्या पिढ्यांत होणे शक्य नाही, असे कोलेन्सो यांनी दाखवले.

त्याच ग्रंथात प्रथम जन्मलेल्या मुलग्यांची संख्या २२,२७३ दिली आहे. दोन्ही आकडे खरे मानल्यास प्रत्येक मातेला सरासरी चाळीसहून अधिक मुलगे असावे लागतात. लेवीय ग्रंथात सर्व मंडळी दर्शनमंडपाच्या दाराशी जमल्याचे वर्णन आहे. परंतु निर्गमात त्याच्या अंगणाची लांबी शंभर हात व रुंदी पन्नास हात दिली आहे. त्या जागेत काही हजारांपेक्षा अधिक माणसे मावू शकत नाहीत. ससा रवंथ करतो, हे लेवीय ग्रंथातील विधान प्राणिशास्त्राला धरून नाही, हेही त्यांनी नमूद केले.

यावरून पंचग्रंथ मोशेने लिहिलेला नाही, तो वेगवेगळ्या काळांतील लेखनातून तयार झाला असून त्यातील बराच भाग इतिहास म्हणून ग्राह्य नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तथापि बायबल त्याज्य आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. देव बायबलमधून बोलतो, परंतु त्यातील प्रत्येक वाक्य देवाचे नाही, आणि कोणते वचन देवाचे आहे हे ओळखण्याची शक्ती देवानेच मनुष्याच्या विवेकबुद्धीला दिली आहे, अशी त्यांची भूमिका होती. बायबलबाहेरही देवाचा प्रकाश पोहोचला आहे, हे दाखवण्यासाठी त्यांनी रोमन लेखक सिसेरो व शीख गुरू यांच्या वचनांचा आधार घेतला.

चर्चमधील प्रतिक्रिया

कोलेन्सो यांचा ग्रंथ अशा वेळी आला की चर्चमध्ये आधीच खळबळ होती. १८६० मध्ये सात लेखकांचा उदारमतवादी निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला होता आणि त्यातील रोलंड विल्यम्स व हेन्री ब्रिस्टो विल्सन या दोन धर्मगुरूंवर खटला चालू होता. अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांपैकी सहावे कलम तारणासाठी आवश्यक ते सर्व पवित्र शास्त्रात आहे, एवढेच सांगते. शास्त्रातील प्रत्येक विधान निर्दोष आहे, असे ते म्हणत नाही. दुसरीकडे, डीकनपदाची दीक्षा घेणाऱ्यास सर्व शास्त्रग्रंथांवर आपला मनापासून विश्वास असल्याचे जाहीर करावे लागे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा वादाचा गाभा होता.

८ फेब्रुवारी १८६४ रोजी प्रीव्ही कौन्सिलने विल्यम्स व विल्सन यांना दोषमुक्त केले. शास्त्राचा प्रत्येक भाग देवप्रेरित मानण्याचे बंधन चर्चच्या कायद्याने धर्मगुरूंवर घातलेले नाही, असा या निकालाचा अर्थ होता. त्याविरुद्ध काढलेल्या जाहीरनाम्यावर सुमारे ११ हजार धर्मगुरूंनी सह्या केल्या. संपूर्ण शास्त्रात देवाचे वचन केवळ सामावलेले नसून ते शास्त्रच देवाचे वचन आहे, असे त्यात प्रतिपादन होते.

कोलेन्सो यांना बहुतेक बिशपांनी राजीनामा देण्याची विनंती केली. सेंट डेव्हिड्सचे बिशप कॉनप थर्लवॉल त्यात सामील झाले नाहीत. मॉरिस यांनाही हा ग्रंथ पटला नाही आणि जुनी मैत्री दुरावली. कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनी सामान्य वाचकाची श्रद्धा न वाढवणारा आणि विद्वानांना नवे काही न देणारा ग्रंथ, अशी त्यावर टीका केली.

विरोधकांचा एक आक्षेप विशेष गंभीर होता. स्वतः येशूने पंचग्रंथातील वचने मोशेची म्हणून सांगितली आहेत. तेव्हा कोलेन्सो यांचे म्हणणे खरे मानल्यास येशूला अज्ञान चिकटते, असे ते म्हणत. येशू खरोखर मनुष्य झाला होता आणि अशा बाबतींत त्याचे ज्ञान त्याच्या काळातील लोकांसारखेच होते, असे कोलेन्सो यांचे उत्तर होते.

खटला व निकाल

१८६३ च्या अखेरीस ग्रे यांनी दक्षिण आफ्रिकेतील बिशपांचे प्रमुख या नात्याने केपटाऊन येथे खटला चालवला. कोलेन्सो यांनी त्यांचा अधिकार अमान्य केला व ते हजर राहिले नाहीत. भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक यांनी त्यांच्या वतीने निषेध नोंदवला. १६ डिसेंबर १८६३ रोजी कोलेन्सो यांना पदच्युत करण्याचा निर्णय देण्यात आला.

मार्च १८६५ मध्ये प्रीव्ही कौन्सिलने हा निर्णय रद्दबातल ठरवला. स्वतंत्र विधिमंडळ असलेल्या वसाहतीत राजाज्ञेच्या बळावर ग्रे यांना असा न्यायाधिकार मिळू शकत नाही, हे त्याचे कारण होते. कोलेन्सो यांची मते योग्य की अयोग्य, यावर न्यायालयाने काहीही म्हटले नाही. पुढील वर्षी त्यांचे थांबवलेले वेतनही न्यायालयाच्या आदेशाने सुरू झाले.

नाताळला परतल्यावर त्यांना बहिष्कृत केल्याची घोषणा जानेवारी १८६६ मध्ये करण्यात आली. १८६९ मध्ये ग्रे यांच्या पक्षाने विल्यम मॅक्रोरी यांना बिशप नेमले. त्यामुळे पीटरमॅरिट्झबर्ग येथे एकाच वेळी दोन अँग्लिकन बिशप व दोन कॅथेड्रल झाली. जगभरच्या अँग्लिकन बिशपांची पहिली लॅम्बेथ परिषद १८६७ मध्ये भरली. ती बोलावण्यामागे हा वाद हे एक प्रमुख कारण होते.

झुलू लोकांची बाजू

१८७३ मध्ये ह्लुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले याने बंदुकांच्या नोंदणीबाबतचा सरकारी हुकूम पाळला नाही. त्याला पकडून खटला भरण्यात आला व रॉबेन बेटावर पाठवण्यात आले. हा खटला अन्यायकारक असल्याचे कोलेन्सो यांनी पुराव्यांसह मांडले आणि १८७४ मध्ये इंग्लंडला जाऊन दाद मागितली. नाताळचे लेफ्टनंट गव्हर्नर बेंजामिन पाइन यांना परत बोलावण्यात आले. मात्र या प्रकरणात कोलेन्सो यांची थिओफिलस शेपस्टन या जुन्या मित्राशी कायमची फारकत झाली आणि बायबलच्या वादात त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले अनेक गोरे वसाहतवासी त्यांच्यापासून दुरावले.

२२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वाना येथे झुलू सैन्याने ब्रिटिशांचा पराभव केला. त्यानंतर वसाहतीत प्रार्थनेचा दिवस पाळण्यात आला. त्या प्रसंगी कोलेन्सो यांनी मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथातील न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे व देवासमोर नम्रपणे चालणे या आज्ञेवर प्रवचन दिले आणि ब्रिटिशांनीच झुलू राज्यावर अन्यायाने आक्रमण केले आहे, असे श्रोत्यांना सांगितले. ज्यांच्यावर बायबलचा अधिकार नाकारल्याचा आरोप होता, त्यांनी स्वदेशीयांच्या वर्तनाचे मोजमाप बायबलच्याच वचनाने केले. पदच्युत झुलू राजा सेत्श्वायो केप येथे कैदेत असताना कोलेन्सो यांनी त्याची भेट घेतली व त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले.

२० जून १८८३ रोजी कोलेन्सो यांचे निधन झाले. पीटरमॅरिट्झबर्ग येथील सेंट पीटर्स कॅथेड्रलमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. पुढील वर्षी बिशपस्टो येथील त्यांचे घर आगीत नष्ट झाले. झुलू राजघराण्याच्या न्यायासाठी चाललेले काम त्यांची कन्या हॅरिएट यांनी पुढे अनेक वर्षे केले.

मूल्यमापन

कोलेन्सो यांनी संख्यांच्या आधारे केलेल्या टीकेची दखल लायडन येथील डच विद्वान अब्राहम क्यूनेन यांनी घेतली. पंचग्रंथातील याजकीय विधी व आकडेवारीचा भाग सर्वांत प्राचीन नसून उत्तरकालीन आहे, या मताकडे क्यूनेन वळले त्यात कोलेन्सो यांच्या लेखनाचा वाटा होता. पंचग्रंथ अनेक स्रोतांतून तयार झाला, हे मत पुढे विद्यापीठीय अभ्यासात सर्वसाधारणपणे मान्य झाले.

ज्या प्रश्नावरून त्यांच्यावर खटला झाला, त्यावर ख्रिस्ती पंथांत आजही एकमत नाही. अनेक इव्हँजेलिकल चर्च संपूर्ण बायबल प्रमादरहित देववचन मानतात. रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली सर्व शास्त्रग्रंथ देवप्रेरित असल्याचे पुन्हा प्रतिपादले. देवाने मनुष्यांकरवी मनुष्यांच्या रीतीने भाषण केले असल्याने लेखकांचा हेतू व लेखनप्रकार अभ्यासणे आवश्यक आहे, असेही तिने सांगितले. प्रॉटेस्टंटांमधील उदारमतवादी प्रवाह बायबलमध्ये देवाचे वचन सामावलेले आहे, या कोलेन्सो यांच्या भूमिकेच्या जवळ आहे.

नाताळमधील कोलेन्सो हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. डिसेंबर १८९९ मध्ये दुसऱ्या बोअर युद्धातील एक महत्त्वाची लढाई तेथे झाली.