हाफकिन, एक बाटली आणि धनुर्वात

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसात झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ते इथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील साध्याशा जागेत प्लेगची लस बनवून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुन्हा आधी स्वतःलाच टोचली. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. यावरून या साथीची दहशत लक्षात यावी.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातील १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. पुढे लक्षात आले, की ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले.

मातीतला हा जिवाणू एवढा घातक का, हे नंतर उलगडले. त्याचे विषारी प्रथिन पातळ पटलाच्या पिशवीत बसून मज्जापेशीत शिरते. पिशवी आतून आम्लधर्मी झाली, की प्रथिन आकार बदलून पटलाला भोक पाडते आणि त्याचा एक भाग पेशीत उतरतो. स्नायूंना आवर घालणारी रसायने ज्या पिशव्यांत असतात, त्या पिशव्यांना पेशीच्या पटलाशी जोडणारे प्रथिनच तो कापतो. आवर सुटतो, जबडा बसतो, शरीर धनुष्यासारखे ताठते.

मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

जुन्नर-आंबेगावच्या शेतांत आजही विळा लागतो, शेणामातीतला खिळा पायात घुसतो. जखम लगेच साबण-पाण्याने धुवावी, दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना सांगावे. जखम लहान आहे म्हणून थांबू नये.